दोघांचे वजन

लग्नानंतर सहा-आठ महिन्यांनी नवपरिणीत जोडपे नातलगांकडे गेले, की घरातील एखादी वडीलधारी बाई दोघांना आपादमस्तक न्याहाळते आणि हसून म्हणते, "लग्न मानवले हो!" मुलीचे गाल भरले, जावयाच्या सदऱ्याची बटणे ताणू लागली, म्हणजे संसार सुखाचा चालला आहे, असा त्याचा अर्थ. 'अंग धरले', 'बाळसे आले', 'खाऊनपिऊन सुखी आहेत' हे सारे त्याच घराण्यातील शब्दप्रयोग. आपल्या भाषेने भरल्या अंगाला सहसा नावे ठेवली नाहीत. काळजी वाहिली ती रोडावलेल्या देहाची.

ही काळजी अनाठायी नव्हती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आमच्या परिसरातील तिन्ही शहरे गरजेपोटी आलेल्या माणसांनी वसवली आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला काड्यापेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी माणसे ओढून आणली. बदलापूरला ज्यांना मुंबईत घर परवडेना ते आले, आणि अजून येत आहेत. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कित्येकांचे मूळ नगर जिल्ह्यात वा मराठवाड्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आज्यांनी सरकारी कामांवर खडी फोडली, रेशनवरील लाल मिलोच्या भाकरी थापल्या आणि मुलांना सुकडीसाठी रांगेत उभे केले. ज्या डोळ्यांनी तो काळ पाहिला, त्यांना नातवाचे सुटलेले पोट हे देवाच्या कृपेचे चिन्ह वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

आता मात्र त्याच नातवाला आणि त्याच्या पत्नीला डॉक्टर समोर बसवून सांगतात, "दोघांनीही वजन उतरवा." एकाचा रक्तदाब वाढलेला असतो, दुसऱ्याची साखर काठावर असते. दोघे घरी येतात, आणि उद्यापासून आपण 'एकत्र' वजन कमी करायचे, असे ठरते. या 'एकत्र' शब्दाविषयी आम्हांला चार शब्द लिहावेसे वाटतात. वरवर पाहता हा आहारशास्त्राचा विषय आहे आणि धर्मगुरूने त्यात पडू नये, असे कुणी म्हणेल. परंतु एका ताटात जेवणाऱ्या दोन माणसांनी परस्परांकडून काय मागावे, काय मागू नये आणि मागण्याआधी स्वतः काय द्यावे, हा प्रश्न वजनकाट्याने सुटणारा नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष उंचीच्या मानाने अधिक वजनाचे आढळले. याच सर्वेक्षणातील बावन्न हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती तपासून भारतीय संशोधकांनी २०२५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. २७.४ टक्के जोडप्यांत पती आणि पत्नी दोघेही अधिक वजनाचे होते. ग्रामीण भागात हे प्रमाण २२ टक्के, तर शहरांत ३८ टक्क्यांच्या घरात होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी बारा हजार माणसांचा बत्तीस वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००७ साली असे दाखवण्यात आले, की पती-पत्नींपैकी एक स्थूल झाला तर दुसरा स्थूल होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. पती-पत्नींच्या रक्ताचे नाते नसते. तेव्हा याचे कारण केवळ वंशात शोधून भागत नाही. बरेचसे कारण भांड्यात आहे, आणि घड्याळात आहे.

त्या घड्याळाकडे जरा पाहावे. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दीड तास जातो, आणि घरातून स्थानक व स्थानकातून कचेरी हा प्रवास वेगळाच. दोघेही नोकरी करणारे असतील, तर पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातील दिवा लागतो. सकाळचा नाश्ता उभ्याने होतो किंवा होतच नाही. दुपारचा डबा कचेरीत खाल्ला जातो. संध्याकाळी गर्दीत लोंबकळून परतताना फलाटावरचा वडापाव हा चैनीचा पदार्थ राहत नाही, तो घरापर्यंत पोहोचण्याचे साधन होतो. रात्रीचे खरे जेवण साडेनऊ-दहाला होते आणि त्यावर लगेच अंथरूण. दिवसभरात पती-पत्नींना एकमेकांचे तोंड निवांत दिसते, ते याच एका जेवणाच्या वेळी. साहजिकच त्या ताटात भुकेखेरीज आणखीही बरेच काही वाढले जाते. दिवसभराच्या शिणाची भरपाई असते, न बोललेल्या प्रेमाची कबुली असते, क्वचित न मागितलेली क्षमाही असते. अशा वेळी "आज मी भात घेणार नाही" हे साधे वाक्य समोरच्याला फार वेगळे ऐकू येते. आग्रह ही आपल्याकडे प्रेमाची मान्यताप्राप्त भाषा आहे. ती नाकारणाऱ्याने प्रेमच नाकारले, असे वाढणाऱ्या हाताला वाटते.

म्हणून एकट्याच्या निश्चयाने हे काम होत नाही, असे जे म्हणतात ते खरे आहे. विवाहित माणसाच्या निश्चयाचा अर्धा भाग जोडीदाराच्या हाती असतो. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांच्या पाहणीत २०१५ साली असे दिसले, की पत्नीने वजन उतरवले तेव्हा १०० पैकी २६ पतींनीही ते उतरवले. पत्नीचे वजन तसेच राहिले तेथे केवळ १० जणांना ते साधले. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे ३६ आणि १५ असे होते. त्या पाहणीतील आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटली. धूम्रपान सोडणे आणि व्यायाम सुरू करणे या बाबतींत, जोडीदार पहिल्यापासूनच शहाणा असेल तर त्याचा उपयोग होतो, पण जोडीदार आपल्या बरोबरीने नव्याने बदलू लागला तर त्याहून अधिक होतो. सदाचाराचा नमुना म्हणून समोर बसलेल्या माणसापेक्षा बरोबर धडपडणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. धर्मोपदेशकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. वजन अधिक असणे हे पाप आहे काय? मुळीच नाही, आणि हे इतक्या ठामपणे सांगावे लागते, कारण आजकाल स्थूल माणसाकडे पाहणारी नजर नेमके तेच सुचवीत असते. तो आळशी आहे, त्याचा जिभेवर ताबा नाही, त्याला स्वतःची किंमत नाही, असा निकाल त्याच्याकडे पाहताच दिला जातो. आपल्या परंपरेत खादाडपणाची गणना सात प्रमुख दुर्गुणांत होते हे खरे. परंतु पोप संत ग्रेगरी यांनी आणि त्यांच्या मागोमाग तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे जे पाच प्रकार सांगितले, ते पाहण्याजोगे आहेत. वेळेआधी खाणे, महागडे खाणे, फार खाणे, हावरेपणाने खाणे आणि अतिचोखंदळपणे खाणे. या पाचांत प्रमाणाचा संबंध केवळ एकाशी आहे, आणि शरीराच्या आकाराचा तर एकाशीही नाही. सडपातळ माणूस या पाचही प्रकारांत अडकलेला असू शकतो. आम्ही तर पुढे जाऊन म्हणू, की ज्याने आहाराचे व्रत घेतले आहे आणि ज्याचे मोजून भिजवलेले बदाम, वेगळे पीठ आणि वेगळी कोशिंबीर यांपायी घरातील चार माणसे सकाळपासून धावत असतात, तो वजनाने कितीही उतरला तरी पाचव्या प्रकारातून सुटलेला नाही. अन्नाने त्याला पूर्वी एका बाजूने धरले होते, आता दुसऱ्या बाजूने धरले आहे.

शरीर तर याहूनही अधिक फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे होते. पण इंग्रज डॉक्टरांच्या देहात चरबी होती ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या देहात २१ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त, अशी भारतीय देहाची प्रकृती आहे. म्हणून तर आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषाच्या बाबतीत ९० आणि स्त्रीच्या बाबतीत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक झाला, की डॉक्टर सावध करतात, मग काटा काहीही दाखवो. तेव्हा स्थूल पत्नीला उपदेश करणाऱ्या बारीक पतीने आधी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे, हे बरे.

पाप नाही, मग कर्तव्य आहे काय? येथे आमचे उत्तर होकारार्थी आहे. वेदीसमोर उभे राहून वधूवरांनी आरोग्यात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन दिलेले असते. आजारपणात साथ देईन, असे जो म्हणतो, त्याने टाळता येण्याजोगे आजारपण जोडीदारावर लादू नये, हे त्या वचनातच आले. मधुमेहाची सुई एकाला टोचली तरी दुखते दोघांना. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पतीला कूस बदलून देणारी पन्नाशीची पत्नी आम्ही रुग्णांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना पाहतो. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांची अवस्था तिला कुणी विचारीत नाही. माझे शरीर माझे आहे, त्याचे काय करायचे ते मी पाहीन, हे वाक्य अविवाहिताच्या तोंडी कदाचित शोभेल. विवाहिताच्या तोंडी ते अर्धेच खरे असते.

परंतु कर्तव्य आहे म्हणजे जोडीदाराला हुकूम करण्याचा अधिकार आहे, असे नव्हे. "माझ्यासाठी एवढे कर" या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक असा, की तू मला पुष्कळ वर्षे हवी आहेस. दुसरा असा, की लोकांत तुझ्याबरोबर वावरताना मला संकोच वाटतो. शब्द तेच, पण पहिल्यात काळजी आहे आणि दुसऱ्यात बाजार आहे. विवाहविषयक जाहिरातींतील 'सडपातळ, गोरी' ही विशेषणे लग्नानंतर वीस वर्षांनीही काही घरांतून हद्दपार झालेली नसतात. नातलगांच्या देखत पत्नीच्या देहावर विनोद करणारा पती ती थट्टा समजतो. आणि त्या दिवशी सर्वांबरोबर हसलेली पत्नी नंतर एकटी असताना डब्यातील लाडू खाते, हे त्याला ठाऊक नसते. लाज ही वजन उतरवण्याची वाईट रीत आहे. लाजलेला माणूस लपून खातो, आणि लपून खाणारा अधिक खातो. मागण्याचा अधिकार कुणाला आहे, याची एक साधी खूण आम्ही सांगू: ज्याने आधी स्वतःच्या ताटातून काही काढून ठेवले आहे, त्याला.

यानंतरची गोष्ट आमच्या पुरुष वाचकांना कदाचित रुचणार नाही.

महाराष्ट्रात गेल्या दहा-बारा वर्षांत वजन उतरवण्याचा विचार घरोघरी पोहोचला, त्याचे मोठे श्रेय डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांना आहे. त्याचे मूळ नागपूरकडील बहुश्रुत नेते डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांत होते. जिचकार २००४ साली अपघातात गेले आणि पुढे डॉ. दीक्षितांनी तो विचार मोहिमेसारखा राबवला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हे त्याचे सार. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांची पुस्तके घराघरांत वाचली गेली. त्यांनी थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा, आणि आजीच्या स्वयंपाकघरातील तुपाला व भाताला न घाबरण्याचा सल्ला दिला. कोणता मार्ग शास्त्रशुद्ध, हा वाद वैद्यकांनी करावा. आम्हांला एवढेच दिसते, की काही घरांत पती दीक्षितांच्या पंथाचा आणि पत्नी दिवेकरांच्या पंथाची झाली आहे. दोन्ही पंथांची चूल मात्र एकच आहे, आणि तिच्यापाशी उभी असलेली व्यक्तीही एकच.

'एकत्र' या शब्दाची खरी परीक्षा येथे होते. पतीने ठरवले, की आपण दोघे आता रात्री सातला जेवू. सातला तो कदाचित ठाण्याच्या पुढे गाडीत असेल, आणि ती घरी पोहोचून कणीक मळीत असेल. पतीने ठरवले, की पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. उत्तम, पण भाकरी थापणार कोण? मुले भाकरी खात नाहीत, सासूबाईंना मऊ भात लागतो, म्हणजे एका स्वयंपाकाचे तीन स्वयंपाक झाले. 'आम्ही दोघे डाएट करतो' असे पती मित्रांना सांगतो, तेव्हा त्या 'दोघे'मध्ये त्याचा वाटा खाण्यापुरता आणि तिचा वाटा शिजवण्यापासून भांडी आवरण्यापर्यंतचा असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८ मिनिटे देतात. आणि जे करीतच नाहीत, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत. हा दोनशे मिनिटांचा फरक आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. चालण्याची ४५ मिनिटे त्यातूनच निघायची आहेत. पती पहाटे बूट चढवून अंबरनाथच्या शिवमंदिराकडे किंवा उल्हासनगरच्या गोल मैदानावर फेऱ्या मारायला जातो आणि त्याची इच्छाशक्ती वाखाणली जाते. त्या वेळी पत्नी डबे भरीत असते. तिची इच्छाशक्ती कमी नसते. तिच्याकडे वेळ नसतो.

याच संदर्भात उरलेल्या अन्नाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मुलाच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेली दोन डाव आमटी, कालचा भात, हे सारे शेवटी आईच्या पोटात जाते. अन्न टाकू नये, हा संस्कार पवित्र आहे, आणि दुष्काळ पाहिलेल्या घरांत तर तो रक्तात भिनला आहे. पण त्या संस्काराचे ओझे घरातील एकाच देहाने का वाहावे? ज्या बाईला आपण 'खाते फार' असे म्हणतो, ती पुष्कळदा सर्वांचे उरलेले खात असते. वजन उतरवायचे म्हणून तिने आपला घास कमी केला आणि उरलेले संपवण्याची जबाबदारी तशीच राहिली, तर काय साधणार? उरणारच नाही इतके मोजके शिजवणे आणि उरलेच तर ते सर्वांनी वाटून घेणे, हा घरच्या पुरुषांनी लावून घेण्याजोगा नेम आहे. उपवासकाळात मांस वर्ज्य करण्यापेक्षा तो कठीण जाईल, असे आम्हांला वाटते.

उपवासकाळाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा काळ काही कुटुंबे अलीकडे वजन उतरवण्यासाठी योजतात. त्यास आमची हरकत नाही, मात्र दोहोंची सरमिसळ करू नये. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आहे, आणि आजाऱ्याला तो लागू नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने भक्तीच्या भरात जेवण टाळून घेरी आणू नये. शिवाय उपवासातून वाचलेला घास कुणा भुकेल्याकडे जायचा असतो. आहाराच्या व्रतातून वाचलेला घास बहुधा फ्रिजमध्ये जातो.

दोघे बरोबर चालू लागले तरी वाट सारखी नसते, हे आधीच जाणलेले बरे. पुरुषाच्या देहात स्नायू अधिक, म्हणून स्वस्थ बसल्या जागीही त्याचा देह अधिक उष्मांक जाळतो. पहिल्या दोन महिन्यांत त्याचे वजन झपाट्याने उतरते. बाळंतपणे झालेली, चाळिशी ओलांडलेली, कदाचित थायरॉइडची गोळी घेणारी पत्नी तितकेच मोजून खाते, तितकेच चालते, आणि तिचा काटा मोठ्या मुश्किलीने हलतो. अशा वेळी पतीच्या तोंडून सहज निघालेले "बघ, माझे सहा किलो गेले" हे वाक्य क्रूर ठरते. स्पर्धा म्हणून सुरू झालेला हा उद्योग पुष्कळदा येथेच मोडतो. वास्तविक वैद्यकाची अपेक्षा फार मोठी नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली निष्कर्ष छापून आलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्याचे लक्ष्य दिले होते. तेवढ्या प्रयत्नाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी भारतीय रुग्णांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही घट २८ टक्क्यांची होती. आपला देह अधिक हट्टी आहे, पण ऐकतो. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. त्यासाठी आरशातील माणूस बदलावा लागत नाही, आणि 'तू पूर्वीसारखी दिसत नाहीस' हे वाक्य तर कायमचे बाजूला ठेवता येते.

अलीकडे या संसारात एक तिसरा पाहुणा आला आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी ही भूक मंदावणारी इंजेक्शने भारतात विक्रीस आली. ज्यांचा मधुमेह वा हृदयविकार गंभीर आहे, त्यांना ती वरदान ठरू शकतात, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध घेण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मौंजारो आले तेव्हा त्याच्या आठवड्याच्या एका मात्रेची किंमत साडेतीन हजार रुपयांपासून पुढे होती. म्हणजे महिन्याचे चौदा हजार. घराचे हप्ते फेडणाऱ्या बदलापूरच्या जोडप्याला दोघांसाठी हा खर्च झेपणारा नव्हता. मग गरज दोघांची असेल, तर आधी कुणी घ्यायचे? जो कमावतो त्याने, की ज्याची साखर अधिक आहे त्याने? आमचा कौल दुसऱ्याकडे आहे. पण अशा वेळी पत्नी आपला अहवाल उशाखाली लपवते, हेही आम्हांला ठाऊक आहे. दुसरी अडचण पैशाची नाही. एकाची भूकच गेली आणि दुसऱ्याची राहिली, तर रात्री दहाच्या त्या जेवणाचे काय होते? एक जण दोन घासांत उठतो आणि दुसरा रिकाम्या खुर्चीसमोर जेवतो. न जेवताही समोर बसून राहणे, हा त्या औषधाबरोबर घ्यायचा आणखी एक डोस समजावा.

सणांविषयी आम्हांला भीती वाटत नाही. नाताळचे फुगे, करंज्या, पाहुण्यासाठी केलेले मटण, शेजारच्या सिंधी घरातून आलेली दाल-पकवानाची थाळी, जूनमध्ये बदलापूरच्या बाजारात येणारी टपोरी जांभळे, हे आनंदाने खावे. वर्षाच्या बारा दिवसांनी कुणी स्थूल होत नाही. स्थूल करतात ते उरलेले साडेतीनशे दिवस. पाहुणचार करताना मात्र आग्रहाची एक पायरी उतरावी. 'नको' म्हणणाऱ्याने नको म्हटले आहे, एवढे ऐकण्याची सवय यजमानाला लागली, तरी पुष्कळ झाले.

राहिला तो सर्वांत अवघड प्रसंग. एकाने आपले ठरवलेले पाळले, आणि दुसऱ्याला ते जमत नाही, किंवा नकोच आहे. अमेरिकेत १३० जोडप्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की एकाने वजन उतरवण्याचा प्रयत्न सुरू केला, की कोणताही उपचार न घेणाऱ्या जोडीदारांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश जणांचे वजनही सहा महिन्यांत तीन टक्के वा अधिक उतरले. न बोलता, न टोचता. पण याचाच दुसरा अर्थ असा, की दोन-तृतीयांश जोडीदारांचे तेवढे उतरले नाही. त्या दोन-तृतीयांश घरांचे काय? तेथे बारीक झालेला जोडीदार नव्या कपड्यांत वावरतो, लोक त्याची स्तुती करतात, आणि दुसरा त्या स्तुतीत आपली निंदा ऐकतो. कधी तो मुद्दाम तळलेले पदार्थ घरी आणतो, कधी रागाने जेवतच नाही. तो जे सांगत असतो ते वजनाविषयी नसतेच. तू मला मागे टाकून जात आहेस, असे तो म्हणत असतो. अशा वेळी आकडे, आलेख आणि डॉक्टरांचे दाखले पुढे करण्यात अर्थ नाही. चालायला जाताना त्याला बरोबर बोलवावे, वेग त्याचा ठेवावा, आणि तो अर्ध्या वाटेवर कट्ट्यावर बसला, तर पावलांचा हिशेब खिशात ठेवून आपणही शेजारी बसावे.